अवांतर वाचनाचा हक्क

शाळेत असताना एक प्रश्न घरात रोज कानावर यायचा : "अभ्यासाचं वाचतोयस की अवांतर?" उत्तर "अवांतर" असलं की पुस्तक मिटावं लागायचं. ज्याला परीक्षेत गुण नाहीत, जे कुणी नेमून दिलेलं नाही, ते अवांतर. शब्दातच जरासा कमीपणा होता. पुढे बऱ्याच वर्षांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा १९८२ सालचा एक निकाल वाचनात आला. शाळेतल्या मुलांना पुस्तक वाचण्याचा हक्क आहे का, असा प्रश्न तिथे होता. कोर्टातली सगळी ओढाताण फिरून फिरून ज्या ठिकाणी येत होती, त्याला मराठीत हाच शब्द आहे. अवांतर.

हा खटला शाळकरी मुलांनी भरला होता. त्याची सुरुवात ७ नोव्हेंबर १९७५ च्या रात्री झाली. न्यूयॉर्क शहराजवळ लाँग आयलंडवर लेव्हिटाउन नावाची वसाहत आहे. तिथल्या 'आयलंड ट्रीज' शाळांच्या बोर्डाचे अध्यक्ष रिचर्ड एरेन्स आणि उपाध्यक्ष फ्रँक मार्टिन त्या रात्री हायस्कूलमध्ये गेले. राखणदाराने त्यांना ग्रंथालय उघडून दिलं. त्यांच्याकडे एक यादी होती. दीडदोन महिन्यांपूर्वी पालकांच्या एका पुराणमतवादी संघटनेच्या परिषदेत ती त्यांना मिळाली होती : 'आक्षेपार्ह' पुस्तकांची नावं आणि त्या पुस्तकांतले निवडक उतारे. दोघांनी कार्डांचे खण ओढून एकेक नाव शोधायला सुरुवात केली. नऊ पुस्तकं हायस्कूलच्या ग्रंथालयात निघाली. नंतर एक धाकट्या मुलांच्या शाळेत सापडलं आणि एक बारावीच्या साहित्याच्या अभ्यासक्रमात.

इथे अमेरिकेतला शाळांचा कारभार थोडा समजून घ्यायला हवा. तिथे शाळा मुख्यतः गावाच्या असतात. गावोगाव 'स्कूल डिस्ट्रिक्ट' असतात, त्यांचं बोर्ड लोक मतदानाने निवडतात आणि खर्चाचा मोठा भाग घरादारावरच्या करातून येतो. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीशी तुलना केली तर या बोर्डाचे अधिकार कितीतरी मोठे. अंदाजपत्रक, नेमणुका, अभ्यासक्रम, पुस्तकखरेदी, सगळं त्याच्या हातात. म्हणजे ग्रंथालयात गेलेली ती दोन माणसं चोरीछुपे घुसलेली नव्हती. ते निवडून आलेले कारभारी होते, आणि आपण मुलांच्या भल्याचंच करतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत असणार. म्हणून तर हे प्रकरण सोपं नाही.

फेब्रुवारी १९७६ मध्ये बोर्डाने ही पुस्तकं काढून आपल्या कचेरीत जमा करायला सांगितलं. बोभाटा झाल्यावर पत्रक काढलं. पुस्तकं अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ घाणेरडी आहेत, असं त्यात म्हटलं होतं. यादी पाहिली की माणूस थबकतो. कर्ट व्हॉनेगट यांची 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' : ड्रेसडेन शहरावर बॉम्ब पडले तेव्हा युद्धकैदी म्हणून तिथे असलेल्या लेखकाने लिहिलेली युद्धाची कादंबरी. डेस्मंड मॉरिस यांचं 'द नेकेड एप', माणसाकडे एक प्राणी म्हणून पाहणारं. रिचर्ड राइट यांचं आत्मकथन 'ब्लॅक बॉय'. लँग्स्टन ह्यूज यांनी संपादित केलेला कृष्णवर्णीय लेखकांच्या उत्तम कथांचा संग्रह. ऑलिव्हर ला फार्ज यांची 'लाफिंग बॉय', जिला १९३० साली पुलित्झर पारितोषिक मिळालं होतं.

आणि बर्नार्ड मॅलमड यांची 'द फिक्सर'. हिलाही पुलित्झर मिळालेलं, १९६७ मध्ये. मॅलमड स्वतः ज्यू. झारच्या रशियात एका गरीब ज्यू कारागिरावर खुनाचा खोटा आळ येतो आणि तो तुरुंगात खितपत पडतो, अशी ती गोष्ट. त्याला छळणारी माणसं ज्यूंबद्दल जे बोलायची तेच कादंबरीत बोलतात. ती वाक्यं तेवढी कापून वेगळ्या कागदावर टंकलिखित केली, तर ज्यूद्वेषाविरुद्ध लिहिलेलं पुस्तक त्या कागदावर ज्यूद्वेषी दिसतं. उताऱ्यांच्या यादीचा धोका हाच. शिवी कुणाच्या तोंडची आहे, ती ऐकून वाचणाऱ्याच्या पोटात काय कालवतं, पुढच्या पानावर काय होतं, हे यादीत येत नाही.

आणखी एक गोष्ट मला सोडवत नाही. या अकरा पुस्तकांपैकी चार कृष्णवर्णीय लेखकांची किंवा त्यांनी संपादित केलेली, पाचवं पोर्तो रिकन वस्तीत वाढलेल्या पिरी थॉमस यांचं, आणि 'लाफिंग बॉय' नावाहो आदिवासींच्या जगातली. लेव्हिटाउन दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी वसलं. एकसारखी, परवडणारी हजारो घरं. पण सुरुवातीच्या करारांतच अट होती की घर गोऱ्यांनाच मिळेल. ती अट पुढे कायद्याने टिकली नाही, तरी वस्ती गोरीच राहिली. अशा गावात वाढणाऱ्या मुलाला रिचर्ड राइट भेटण्याची जागा बहुतेक एकच होती, ग्रंथालयातलं फडताळ.

त्या यादीतली 'सोल ऑन आइस' एल्ड्रिज क्लीव्हर यांची, म्हणजे ब्लॅक पँथर चळवळीतल्या नेत्याची. मराठी वाचकाला हे नाव परकं वाटू नये. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती याच चळवळीचं नाव घेऊन. त्याआधीपासून, अमेरिकेत शिकून आलेले, मराठवाड्यातल्या कॉलेजात शिकवणारे म. ना. वानखेडे आपल्या दलित लेखकांना सांगत होते की तिकडच्या कृष्णवर्णीयांचं लेखन वाचा, त्यांनी आपलं जगणं कसं मांडलं ते बघा. म्हणजे ज्या लेखनाने मराठवाड्यातल्या कॉलेजातली मुलं पेटून लिहू लागली होती, त्याच परंपरेतली पुस्तकं त्याच दशकात लाँग आयलंडच्या मुलांपासून दूर, बोर्डाच्या कचेरीत ठेवली गेली.

गावातल्या सगळ्याच मोठ्या माणसांना हे पटलं नव्हतं, हेही नोंदवायला हवं. शाळांचे अधीक्षक रिचर्ड मॉरो यांनी बोर्डाला लेखी कळवलं : पुस्तकावर हरकत आली तर काय करायचं याची पद्धत ठरलेली आहे, समिती नेमा, पुस्तकं वाचा, मग ठरवा. बोर्डाने आधी ऐकलं नाही. नंतर चार पालक आणि चार शाळेतली माणसं अशी समिती नेमली. समितीने पाच पुस्तकं ठेवावीत असं सुचवलं, दोन काढावीत म्हटलं, 'स्लॉटरहाउस-फाइव्ह' पालकांच्या संमतीने द्यावी म्हटलं आणि उरलेल्यांवर एकमत झालं नाही किंवा मत दिलं नाही. अगदी घरगुती, समजुतीचा निकाल. बोर्डाने तोही बाजूला सारला. 'लाफिंग बॉय' तेवढी विनाअट परत आली आणि 'ब्लॅक बॉय' पालकांच्या संमतीच्या अटीवर. बाकी नऊ बाहेरच.

मग स्टीव्हन पिको नावाचा १७ वर्षांचा मुलगा आणि त्याच्याबरोबर आणखी चार विद्यार्थी उभे राहिले. त्यातला एक तर अजून धाकट्या शाळेत होता. 'न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन' या नागरी हक्कांच्या संघटनेच्या वकिलांच्या मदतीने त्यांनी जानेवारी १९७७ मध्ये आपल्याच शाळेच्या बोर्डावर दावा लावला. रोज ज्या इमारतीत जायचं, ज्यांच्या सहीचा दाखला घेऊन बाहेर पडायचं, त्यांच्याविरुद्ध. पंधरा-सतरा वर्षांच्या वयात हे किती जड जात असेल, हे ज्याने कधी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर उभं राहून घाम पुसला आहे त्याला सांगायला नको.

मुलांच्या हातात कायद्याचा काही आधार होता. १९४३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या 'बार्नेट' खटल्यात कोर्टाने सांगितलं होतं की धर्मश्रद्धेमुळे झेंड्याला वंदन न करणाऱ्या मुलांवर शाळेला सक्ती करता येणार नाही. १९६९ च्या 'टिंकर' खटल्यात, व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत बांधून शाळेत आलेल्या मुलांची बाजू उचलून धरली होती. (बार्नेटचा निकाल भारतातही पोचला आहे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभ्या राहणाऱ्या, पण श्रद्धेमुळे ते न गाणाऱ्या तीन केरळी भावंडांना शाळेने काढलं, तेव्हा १९८६ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल देताना त्याची चर्चा केली.) पण हे सगळं मुलांच्या बोलण्याबद्दल किंवा न बोलण्याबद्दल होतं. वाचण्याबद्दल काय? दुसऱ्याचा विचार आपल्यापर्यंत पोचू देण्याचा हक्क मुलाला आहे का?

खालच्या कोर्टात १९७९ मध्ये मुलं हरली. वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. बोर्ड सर्वोच्च न्यायालयात गेलं. २५ जून १९८२ रोजी निकाल आला, पाच विरुद्ध चार, मुलांच्या बाजूने.

न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी जी मांडणी केली तिच्यात आपलं 'अवांतर' येतं. वर्गात काय शिकवायचं हे ठरवताना बोर्डाला मोठी मोकळीक आहे, हे त्यांनी मान्य केलं. अभ्यासक्रम सक्तीचा असतो, तो कुणीतरी ठरवायलाच लागतो. ग्रंथालय वेगळं. तिथे मूल स्वतःच्या मनाने जातं, स्वतः पुस्तक उचलतं. तिथल्या वाचनावर कुणाची सक्ती नाही, आणि म्हणूनच तिथे बोर्डाचा शब्द शेवटचा नाही. एखादं पुस्तक पानोपानी अश्लील आहे किंवा शिक्षणाच्या दृष्टीने अयोग्य आहे म्हणून काढलं तर ते चालेल. पण त्यातला विचार आपल्याला आवडत नाही, तो मुलांपर्यंत जाऊच नये, या हेतूने काढलं तर ते घटनेविरुद्ध ठरेल. म्हणजे कोर्टाने पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवलं नाही. काढणाऱ्याचा हेतू तपासायला सांगितलं.

विरुद्ध बाजूचं म्हणणंही हलकं नव्हतं. सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांचा सवाल असा : ही पुस्तकं दुकानात आणि सार्वजनिक वाचनालयात मिळतातच, मग लोकांनी निवडून दिलेल्या बोर्डाच्या प्रत्येक निर्णयावर न्यायाधीशांनी का बसावं? पालक म्हणून मला या प्रश्नाचं वजन कळतं. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात काय पडावं याची काळजी मलाही वाटते. पण माझ्या मुलाबद्दल मी ठरवणं निराळं आणि सगळ्या गावाच्या मुलांबद्दल मी ठरवणं निराळं. आणि 'दुकानात मिळतं' हे उत्तर ज्याच्या घरी पुस्तकाला पैसे नसतात त्या मुलासाठी उत्तरच नव्हे.

या निकालात एक कच्चा दुवा राहिला. नऊ न्यायमूर्तींनी मिळून सात वेगवेगळी निकालपत्रं लिहिली. मुलांच्या बाजूच्या पाचांपैकी न्यायमूर्ती व्हाइट यांनी एवढंच म्हटलं की खटला खाली नीट चालू द्या, घटनेचा प्रश्न आत्ताच सोडवायची गरज नाही. त्यामुळे ब्रेनन यांच्या मांडणीमागे पाच जणांचं स्पष्ट बहुमत उभं राहिलं नाही. हे पुढे फार महागात पडलं.

खटला पुन्हा चालवण्याऐवजी बोर्डाने ऑगस्ट १९८२ मध्ये पुस्तकं परत ठेवायचं ठरवलं. अट एक : कुठलं मूल यातलं पुस्तक नेतं हे ग्रंथपालाने पालकांना चिठ्ठीने कळवायचं. वाचकाची नोंद गुप्त ठेवण्याच्या राज्याच्या कायद्यात ते बसेना, तेव्हा पुढच्या जानेवारीत तीही अट गेली. स्टीव्हन पिकोची शाळा तेव्हा केव्हाच सुटली होती. त्या फडताळावरून त्याने स्वतः काही नेलं नाही, मागून येणाऱ्यांनी नेलं.

त्यानंतर निदान दोनदा हा निकाल मुलांच्या कामी आला. कॅन्ससमधल्या ओलेथा गावी दोन मुलींच्या प्रेमाची 'ॲनी ऑन माय माइंड' ही कादंबरी काढली होती. विद्यार्थी कोर्टात गेले, बोर्डाच्या सदस्यांची साक्ष झाली, हेतू उघड झाला, १९९५ मध्ये निकाल लागला आणि पुस्तक परत आलं. २००२ मध्ये आर्कान्सामधल्या सीडरव्हिल इथे चक्क 'हॅरी पॉटर' पालकांच्या सहीशिवाय देऊ नये असं ठरलं. ज्या मुलीच्या वतीने दावा लागला तिच्या आईवडिलांची संमती होतीच. तरीही कोर्ट म्हणालं, सहीचा कागद आणावा लागणं हाच अडथळा आहे, 'हे पुस्तक वाईट' असा शिक्का त्यातून बसतो. उलट फ्लोरिडात ॲरिस्टोफेनिस आणि चॉसर असलेलं पाठ्यपुस्तक वर्गातून काढलं होतं, त्या खटल्यात १९८९ मध्ये बोर्ड जिंकलं. ते अभ्यासक्रमातलं होतं, अवांतर नव्हतं.

मुलं नेहमीच याच बाजूला असतात असं मात्र मी म्हणणार नाही. १९७३ मध्ये नॉर्थ डकोटातल्या ड्रेक गावी 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'च्या ३२ प्रती शाळेच्या भट्टीत जाळल्या, त्याची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या तक्रारीतून झाली. आणि आपल्या मुंबई विद्यापीठात २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' अभ्यासक्रमातून गेली, ती मागणीही विद्यार्थी संघटनेच्या नावाने आली होती. तरुण वय म्हणजे मोकळं मन, हे गृहीत धरता येत नाही. सबंध पुस्तक वाचायची तयारी आहे का, एवढंच विचारता येतं.

कोर्टात न जाता मुलांना काय साधता येतं, याचं मला सर्वांत जवळचं वाटणारं उदाहरण पेनसिल्व्हेनियातल्या सेंट्रल यॉर्कचं आहे. मे २०२० मध्ये मिनीॲपोलिसला पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू झाला. त्यानंतर वंशभेदाविषयी वर्गात बोलता यावं म्हणून तिथल्या समितीने शिक्षकांसाठी एक यादी केली : पुस्तकं, माहितीपट, लेख. त्यात लहान मुलांसाठी रोझा पार्क्स आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची चरित्रं होती, मलाला युसुफझाईचं पुस्तकही होतं. बोर्डाने ती सबंध यादी थांबवली. ही बंदी नाही, तपासणी होईपर्यंत फक्त 'फ्रीज' आहे, असं बोर्डाचं म्हणणं. कोरोनाचे दिवस, शाळा अर्ध्यामुर्ध्या भरत होत्या, फार कुणाच्या लक्षात आलं नाही. तपासणी वर्ष होत आलं तरी संपली नाही.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये शाळा पुन्हा भरली तेव्हा मुलांना यादी कळली. शाळेत 'पँथर अँटी-रेसिस्ट युनियन' नावाचा मुलांचा गट होता (इथला पँथर म्हणजे शाळेच्या संघांचं चिन्ह). मुलांनी हातांनी फलक रंगवले आणि रोज सकाळी पहिली घंटा व्हायच्या आधी शाळेबाहेर उभी राहू लागली. घंटा झाली की फलक खाली ठेवायचे आणि वर्गात जायचं. तास बुडवला नाही, काच फोडली नाही. पुढे असणाऱ्यांत एक मुलगी भारतीय वंशाची होती. त्यांनी स्थानिक वर्तमानपत्रात लिहिलं, बोर्डाच्या सभांत लोक बोलले, देशभर बातमी गेली. २० सप्टेंबर २०२१ ला त्याच बोर्डाने एकमताने 'फ्रीज' उठवला.

पण एक गाव जिंकलं म्हणून वारं फिरलं नाही. शाळांतून पुस्तकं काढल्याच्या नोंदी 'पेन अमेरिका' ही लेखकांची संस्था ठेवते. एका डिस्ट्रिक्टमध्ये एक पुस्तक काढलं किंवा अडवलं की एक नोंद. २०२१-२२ या शालेय वर्षात अशा २,५३२ नोंदी होत्या. २०२३-२४ मध्ये १०,०४६ झाल्या, आणि त्यातल्या आठ हजारांहून अधिक फ्लोरिडा आणि आयोवा या दोनच राज्यांतल्या. कारण साधं आहे : तिथे कायदेच तसे झाले. चूक झाली तर नोकरीवर येईल या भीतीने शाळा आधीच फडताळं रिकामी करतात. मे २०२५ मध्ये टेक्सासमधल्या लॅनो काउंटीच्या सार्वजनिक वाचनालयाच्या खटल्यात तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की वाचनालयात कुठली पुस्तकं ठेवायची यावर वाचकाला हक्क सांगता येत नाही. पिकोचा निकाल बंधनकारक नाही, असंही म्हटलं. १९८२ चा तो कच्चा दुवा तिथे तुटला. टेक्सास, लुइझियाना आणि मिसिसिपी या तीन राज्यांत आज मुलांच्या हाती तो आधार उरलेला नाही.

मुलं थांबलेली नाहीत. कुठे पुस्तकांच्या दुकानात बसून बंदी घातलेली पुस्तकं वाचणारी मंडळं आहेत. ब्रुकलिनच्या सार्वजनिक वाचनालयाने एप्रिल २०२२ पासून देशातल्या १३ ते २१ वयाच्या कुणालाही आपल्या ई-पुस्तकांचं कार्ड मोफत द्यायला सुरुवात केली. गावात पुस्तक अडलं तर फोनवर ब्रुकलिनचं फडताळ उघडता येतं.

आपल्याकडे असे खटले का होत नाहीत, याचा विचार करताना मला आमच्या शाळेचं कपाट आठवतं. काचेची दारं, तपकिरी कागदाची कव्हरं घातलेली पुस्तकं, पाठीवर शाईने लिहिलेले क्रमांक. पुस्तक मिळायचं शनिवारी शेवटच्या तासाला, बाई देतील ते. तिथे कुठल्याही पुस्तकावर कधी बंदी आली नाही, कारण कपाटाला कुलूप होतं. पिकोचा हक्क उघड्या फडताळापासून सुरू होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला काय काय हवं त्याची यादी आहे. त्यात ग्रंथालय आहे, वर्तमानपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं आहेत आणि स्पष्ट शब्दांत गोष्टीची पुस्तकंही आहेत. म्हणजे अवांतराला भारताच्या कायद्यात जागा आहे. किल्ली कुणाकडे असावी ते मात्र त्यात लिहिलेलं नाही. आमच्या वेळी ती शिपाईकाकांच्या खिशात असायची. मधल्या सुट्टीत मागितली तर ते देत. आम्ही फार थोड्या वेळा मागितली.